डक्टमधली हाक

नाहूरच्या शुभांकर सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर असतं. आत येणाऱ्या प्रत्येक जड वस्तूचं नाव त्यात लिहावं लागतं. नंदकुमार गुप्ते यांनी एका मंगळवारी सकाळी त्यात 'जुने कपाट, नग एक' असं लिहिलं, खाली झोकात सही केली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कारण चादरीत गुंडाळून लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर चढवलेली ती वस्तू कपाट नव्हती. तो व्हिडिओ गेम होता. हातात मावणारा नव्हे, पुरुषभर उंचीचा. लाकडी खोकं, समोर काचेचा पडदा, खाली लाल मुठीचा दांडा आणि सहा बटणं. पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरात असायचा तसला.

खोटं लिहायला कारण होतं. आदल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या क्षमा नाबर यांनी घरघंटी आणली. ती सकाळी सहाला घरघरायला लागली आणि सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्त आठल्ये यांनी लगेच ठराव करून घेतला, की सदनिकेत कोणतेही यंत्र कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय बसवू नये, बसवल्यास चार दिवसांत बाहेर काढावे. आठल्ये तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ओरडायला कोणी उरलं नसल्यामुळे ते सोसायटीवर ओरडत, आणि परवानगी म्हणाल तर त्यांनी आजवर कोणालाच दिली नव्हती. घरघंटी शेवटी डोंबिवलीच्या नणंदेकडे गेली.

आता एकोणसाठ वर्षांचा, नुकताच रिटायर झालेला माणूस असलं धूड घरात का आणतो, हे सांगायला हवं. एक्क्याण्णव साली नंदकुमार विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. पंचवीस वर्षांचे, बिनलग्नाचे. सुटी झाली की स्टेशनजवळच्या पार्लरात जायचे. चलती असलेल्या गेमवर शाळकरी पोरांची ही रांग, आणि रांगेत उभं राहिलं की पोरं "काका, तुमचा नंबर मागे" म्हणायची. पंचविशीत काका म्हणवून घेणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून ते कोपऱ्यातल्या एका बेवारशी मशीनवर खेळायला लागले. त्याला कोणी हात लावत नसे.

त्या गेमचं नाव होतं 'मॅलॉन अरेना'. बनवणारी कंपनी कोणती, कुठली, कोणालाच ठाऊक नव्हतं. रोमन लोक गुलामांना मैदानात झुंजवायचे, ते ग्लॅडिएटर, इथवर ठीक. पण बनवणाऱ्याने त्यात पदरची बरीच भर घातली होती. मैदान ढगांवर तरंगत होतं. एका पैलवानाला बैलाचं डोकं होतं, एका बाईच्या वेणीत साप होते, आणि सगळ्यांना लोळवलंत की सिंहासनावरून सोन्याचा मुखवटा घातलेला चार हातांचा बादशहा मॅलॉन स्वतः खाली उतरायचा. नंदकुमारांचा गडी ठरलेला असे. एका हातात जाळं आणि दुसऱ्या हातात त्रिशूळ घेतलेला एक काटकुळा माणूस. एकदाच, एका शनिवारी, बादशहाच्या ताकदीची पट्टी बोटभर उरली असताना पार्लरातले लाइट गेले. पुढच्या शनिवारी पार्लरच गेलं. तिथे झेरॉक्सचं दुकान आलं.

चौतीस वर्षांनी विक्रोळीच्या एका भंगारवाल्याकडे जुना पंखा बघायला गेलेल्या नंदकुमारांना तेच मशीन दिसलं. तेच कशावरून, तर डाव्या अंगाला किल्लीने कोरलेलं 'नंदू' तसंच होतं. ते तिथल्या तिथे एका फुटक्या बेसिनवर बसले. बादशहाची ती बोटभर पट्टी एवढी वर्षं मनात कुठेतरी सलत होती, हे त्यांनाही त्या दिवशी कळलं.

"एवढंच आणायचं राहिलं होतं," पद्मजा मशीनकडे बघून म्हणाली. पद्मजा म्हणजे त्यांची बायको, एकतीस वर्षांची. म्हणजे लग्नाला एकतीस वर्षं झालेली.

"अगं, शौनकची खोली रिकामीच आहे ना?" मुलगा नोकरीला बंगळुरूला होता. "आणि थोडेच दिवस. त्या बादशहाला एकदा पाडला की देऊन टाकतो."

"कोणाला पाडायचंय त्याला पाडा. माझ्या पापडांच्या डब्यांना हात लावायचा नाही."

घाटकोपरहून प्रितम नावाचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, जुने टीव्ही आणि असली मशीनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. दिवसभर खपून त्याने मशीन चालू केलं, नाणं न टाकता खेळता येईल असं करून दिलं आणि घाम पुसत म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा. बंद करू नका."

"म्हणजे?"

"आतली पॉवर सप्लाय पार गेलेली आहे. चालू आहे तोवर चालेल. एकदा बंद केलंत ना, तर परत उठेल याची गॅरंटी नाही. पार्ट मागवलाय. पंधरा दिवस धरून चाला."

"आणि आवाज जरा कमी..."

"त्याचा खटका आत आहे, जाम झालाय. चालू मशीनमध्ये मी हात घालणार नाही. मला दोन मुली आहेत."

प्रितम गेला. नंदकुमारांनी स्टूल ओढलं. आणि तेवढ्यात मशीन बोललं.

ही मशीनं मोकळी उभी राहिली की गिऱ्हाइकाला हाका मारतात. तशी ती बनवलेलीच असतात. हे मशीनसुद्धा दर दीड मिनिटाने स्वतःचं नाव पुकारायचं. एक भारदस्त पुरुषी आवाज यायचा, "मॅलॉन अरेना", आणि मागून लोकांचा जल्लोष. पण मधल्या काळात स्पीकर फाटला होता. त्यामुळे नावाची सुरुवात खर्जात जाई, मधलं अक्षर घशात अडके आणि शेवट लाडिक लांबे. स्वयंपाकघरात पद्मजाचा हात पोळीवरच थांबला.

"अहो," ती आत येऊन म्हणाली, "हा मालनला का बोलावतोय?"

"कोण?"

"ऐका."

दीड मिनिट दोघं उभे राहिले. मग मशीन स्पष्टपणे म्हणालं, "मालन... ये ना."

शुभांकर सोसायटीत मालन एकच होत्या. चौथ्या मजल्यावरच्या मालन परब. मूळच्या मालवणच्या, म्युनिसिपल हॉस्पिटलातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, मुलगी सासरी. बाई स्वभावाने करड्या. त्यांच्यासमोर वॉचमनसुद्धा मोबाईल खिशात घालायचा. आणि शौनकच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडत होती. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली पाइपांची उभी पोकळी. तिला प्रत्येक घराची एक तरी खिडकी होती. तळमजल्यावर कोणी शिंकलं तर चौथ्या मजल्यावरून "जपा हो" यायचं, अशी ती सोय.

नंदकुमारांनी खिडकी लावली, पण जाळीच्या पट्ट्यांतून आवाज जायचा तो गेलाच. रात्री दोन गोधड्या घातल्या की तो दबायचा. पण सकाळपर्यंत मशीन इतकं तापायचं, की दिवसभर उघडं ठेवून त्याला पंखा मारावा लागायचा. गुरुवारी भाजीवाल्याच्या गाडीपाशी क्षमा नाबर यांनी पद्मजाला गाठलं.

"तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो?"

"नाही. का?"

"नाही, डक्टमधून पुरुषाचा आवाज येतो. दुसऱ्या मजल्यावरूनच येतो, आमच्या ह्यांनी कान लावून बघितलं." मग आवाज खाली आणून, "परब मॅडमना बोलावतो. एकेरीत. आणि मागून टाळ्या वाजतात."

पद्मजा कोथिंबीर न घेताच वर आली. "झाली शोभा. सांगून टाका सगळ्यांना, मशीन आहे म्हणून."

"आणि मग आठल्ये चार दिवसांत बाहेर काढायला लावतील त्याचं काय? पार्ट येईपर्यंत कळ काढ गं."

"कळ मी काढू? लोक माझ्यावर दया दाखवतात." ती कॉटवर बसली. तिला राग आलाच होता, पण तो भलत्याच ठिकाणी होता. "एक सांगू? ते खोकंसुद्धा बाईला नावाने हाक मारतं. ये ना म्हणतं. एकतीस वर्षांत तुमच्या तोंडून 'अगं ए'च्या पुढे काही निघालं नाही."

"तू तरी मला कुठे नावाने हाक मारतेस?"

"मी 'अहो' म्हणते. त्यात मान असतो. 'अगं ए'मध्ये काय असतं?"

घरात तिसरं माणूस नसताना 'अगं ए' म्हटलं की पद्मजाच येते, मग नाव कशाला खर्च करायचं, असं नंदकुमारांना आजवर वाटत आलं होतं.

त्याच दुपारी बेल वाजली. पीपहोलमधून आठल्ये दिसले, काखेत सोसायटीची फाइल. नंदकुमार धावत आत गेले आणि घाईत गेम सुरू केला. खेळ चालू असेपर्यंत मशीन हाक मारत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेलं होतं. जाळीवाल्याला मैदानात तसाच उभा सोडून, खोलीचं दार ओढून ते बाहेर आले.

"गुप्ते, तुमच्या घरातून आवाज येतो अशी तक्रार आहे."

"आवाज? कसला आवाज?" नंदकुमारांनी कानावर हात ठेवले.

आठल्ये पाच मिनिटं हॉलमध्ये बसून ऐकत राहिले. आत बैलाच्या डोक्याचा पैलवान जाळीवाल्याला निवांत कुटत होता, पण ते ठोसे पद्मजाने मिक्सर लावून झाकले. आठल्ये उठले. "ठीक आहे. तुम्ही नाही म्हणताय ते मी लिहून घेतो," म्हणाले, आणि 'सभासदाने इन्कार केला' असं खरोखरच लिहून घेतलं.

हे एक खोटं फार महागात पडलं. आता मशीन आहे म्हणून कबूल करावं, तर मग त्या दिवशी का नाही सांगितलंत, असं झालं असतं. राहिला एकच उपाय. मशीन गप्प ठेवायचं तर खेळत राहायचं. नंदकुमार सकाळी अंघोळ करून जे स्टुलावर बसायचे ते संध्याकाळपर्यंत. जेवताना डाव्या हाताने दांडा धरायचे. अंघोळीला गेले की पद्मजा खेळायची. म्हणजे एक बटण दाबून धरून फोनवर बहिणीशी बोलायची. बँकेत, दूधवाल्याकडे, दाढीला, कुठे म्हणून जाणं उरलं नाही. पण दिवसाला नऊ तास खेळल्यावर कोणाचाही हात बसतो. सापांच्या वेणीची बाई पहिल्यांदा पडली, मग रोजच पडायला लागली.

तरी मधूनमधून हाक निसटायचीच. आणि वर आठल्ये स्वस्थ बसले नव्हते. ज्या बाईला हाक मारली जाते तिची लेखी तक्रार हवी, म्हणून ते चौथ्या मजल्यावर गेले. मालनबाईंनी अर्ज वाचला आणि परत दिला. हे पद्मजाला क्षमा नाबर यांच्याकडूनच कळलं.

"म्हणाल्या, मी सही करायची नाय. हाक माका मारतत, तुमका कित्याक तरास?"

"मग आठल्ये काय म्हणाले?"

"काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी परत गेले. नियम समजावून सांगायला. काल तिसऱ्यांदा गेले. चांगले तासभर होते. सही काही मिळालेली नाही, पण माणूस चिकाटीचा."

पद्मजाने हे सांगितलं तेव्हा ही चिकाटी आपल्या मुळावर येणार, अशी नंदकुमारांची खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी पद्मजाला स्टुलावर बसवून ते पाच मिनिटं खाली गेले, तर लिफ्टमध्ये क्षमा नाबर त्यांना बघून पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. खालच्या बाकावर बसणारे दोन म्हातारे गप्प झाले, आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "या वयात झकास जमवलंय." नंदकुमारांनी आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नव्हतं. ऑफिसातून त्यांनी कधी टाचणी घरी आणली नव्हती. ते रडायच्या बेतात आले. वर येऊन ते पद्मजाला म्हणाले, "सांगून टाकतो."

संध्याकाळी त्यांनी आठल्यांना खरं ते सांगितलं. आठल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे तुमचं म्हणणं, एक जपानी यंत्र आपल्या परब मॅडमना मराठीत हाक मारतं."

"जपानी का कुठलं ते माहीत नाही. आणि ते मराठी नाहीये हो, मराठी वाटतं."

"गुप्ते, मी तीस वर्षं सरकारी नोकरीत काढली. रजेच्या अर्जात मी यापेक्षा बरी कारणं वाचलेली आहेत." आठल्यांचा आवाज का कोण जाणे, जरा जास्तच चढला. "रविवारी अकरा वाजता कमिटी येईल. यंत्र बोललं तर यंत्राचा नियम लागेल. नाही बोललं तर मग तुमचं तुम्ही बघा."

रविवारी नंदकुमार पहाटेपासून बेचैन होते. मन दुसरीकडे लावावं म्हणून त्यांनी दहाला गेम सुरू केला आणि, नशिबाचे फेरे बघा, त्या दिवशी हात असा काही चालला की बोलायची सोय नाही. बैल पडला. सापवाली पडली. दोन तोंडांचा राक्षस पडला. अकराला बेल वाजली तेव्हा पडद्यावर सिंहासन हललं, आणि चौतीस वर्षांनी बादशहा मॅलॉन पायऱ्या उतरून खाली आला.

पद्मजाने दार उघडलं. कमिटी म्हणून आठल्ये, तक्रारदार म्हणून क्षमा नाबर आणि संबंधित व्यक्ती म्हणून मालन परब, असे तिघं खोलीत येऊन उभे राहिले. नंदकुमारांनी मान वळवली नाही. वळवता येण्यासारखी नव्हती.

"यंत्र आहे खरं," क्षमा नाबर म्हणाल्या. "म्हणजे कपाट नव्हतंच. आणि माझी घरघंटी मात्र डोंबिवलीला."

"पण ते बोलत नाही," आठल्ये म्हणाले.

"खेळत असताना बोलत नाही," पद्मजा म्हणाली. "खेळ संपला की बोलतं."

"मग संपवा."

"संपवतोय, संपवतोय," नंदकुमार दांडा गरागरा फिरवत म्हणाले.

दहा मिनिटं झाली. मालनबाई हळूहळू पुढे सरकत स्टुलाच्या मागे येऊन पोचल्या होत्या. "ह्यो जाळीवालो तुमचो?" त्यांनी विचारलं. "माझ्या बापाशीचो मासे धरूच्या रापणीत वाटो होतो. जाळां अशी खांद्यावरसून नाय टाकूची. खाली वाकान टाका."

खाली वाकून टाकायचं बटण नंदकुमारांनी आजवर कधी वापरलंच नव्हतं. त्यांनी दाबलं. चार हातांचा बादशहा सगळ्या हातांनिशी जाळ्यात गुरफटला. त्याची पट्टी भराभर खाली आली, आणि बोटभर उरली.

"गुप्ते, सव्वाअकरा झाले," आठल्ये म्हणाले. "आम्हाला अजून ठोशांशिवाय काही ऐकू आलेलं नाही. मी लिहून घेतो, यंत्र बोलत नाही. निघतो आम्ही."

"एक मिनिट थांबा," पद्मजा म्हणाली, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो. हे गेले तर जन्मभर आपल्या नावाने बोंब होईल. हरा."

"हरू नका," मालनबाई म्हणाल्या. "जिंकतत ते. दोन फटक्यांचा काम."

नंदकुमारांनी पडद्याकडे बघितलं. बोटभर पट्टी. जिंकलं तर पुढे शेवटचं चित्र, नावं, वाजंत्री, किती वेळ चालेल कोण जाणे, त्यांनी कुठे कधी बघितलं होतं. तोवर आठल्ये जिना चढून गेलेले असतील. आणि हरलं, की मशीन बोलणार. बोललं की इज्जत वाचेल आणि मशीन जाईल. त्यांनी मागे वळून पद्मजाकडे बघितलं. तिने त्या आठवड्यात भाजी आणायला जाणं सोडलं होतं. समोरच्या वाण्याकडून फोनवर कांदे-बटाटे मागवत होती.

त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

बादशहा जाळ्यातून सुटला. चारही हातांनी त्याने जाळीवाल्याला उचलला आणि ढगांच्या खाली भिरकावून दिला. मालनबाई "अरे माझ्या कर्मा" म्हणाल्या. पडद्यावर दहापासून आकडे उलटे मोजले गेले. मग भारदस्त, फाटका, लाडिक आवाज आला, "मालन... ये ना."

क्षमा नाबर यांनी तोंडाला पदर लावला. आठल्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारून मागे कोणी माणूस नाही याची खात्री करून घेतली. आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला, म्हणजे खरंच सुटल्यासारखा. पण त्या वेळी तिकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

"गैरसमज दूर झाला," ते म्हणाले. "तुमच्यावर कसलाही ठपका नाही. पण यंत्र गुरुवारपर्यंत बाहेर गेलं पाहिजे. आणि आवाज आत्ताच बंद करा."

"बंद केलं तर परत चालू व्हायचं नाही हो."

"नियम तुमच्यासमोर आहे."

नंदकुमारांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. काचेवरचा ढग एका ठिपक्याएवढा झाला आणि तोही गेला. कमिटी निघून गेल्यावर त्यांनी एकदा, फक्त एकदाच, बटण परत दाबून बघितलं. काही झालं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पद्मजाने ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याशेजारी नुसती बसून राहिली. भंगारवाला गुरुवारी सकाळी यायचा ठरला. मशीनवर परत तीच चादर पडली.

बुधवारी सकाळी साडेआठला नंदकुमार दाढी करत होते. डक्टमधून आवाज आला.

"मालन, ये ना."

वस्तरा गालावरच थांबला. ते तसेच फेसासकट शौनकच्या खोलीत गेले. चादर जागच्या जागी होती. मशीनची पिन भिंतीतून काढून वायर गुंडाळून ठेवलेली होती. पद्मजाही पोळपाट सोडून आली. दोघं मशीनकडे बघत असताना आवाज परत आला, आणि तो वरून आला.

"मालन, ये ना. पोहे गार होतायत."

"अहो," पद्मजा कुजबुजली, "तुमचं मशीन पोह्यांचं कधी बोललं होतं?"

बोलायच्या आत बेल वाजली. क्षमा नाबर दारात होत्या, मागे बाकावरचे दोन्ही म्हातारे. "काका, परत चालू केलंत? कमिटीने एवढं सांगूनसुद्धा? आठल्यांना बोलवा."

आठल्ये आलेच होते. जिन्यावरून धापा टाकत उतरले होते आणि सगळ्यांच्या मागे उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मिशीत कोथिंबिरीचं एक पान. त्यांनी नंदकुमारांकडे बघितलं. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने इतक्या अजिजीने कोणाकडे बघितलेलं नंदकुमारांनी पाहिलं नव्हतं.

तीन वेळा समजावायला गेलेला माणूस. चांगला तासभर बसलेला. नंदकुमारांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"हो," ते गालावरचा फेस पुसत म्हणाले. "माझंच मशीन. चुकून चालू राहिलं."

"पण पोहे?" क्षमा नाबर यांनी विचारलं. "पोह्यांचं काय?"

"पुढच्या लेव्हलला पोहे असतात," नंदकुमार म्हणाले.

दुपारी आठल्ये एकटेच आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पद्मजाकडून दोनदा पाणी मागून प्यायले.

"सहीसाठी गेलो होतो," ते शेवटी म्हणाले. "त्या म्हणाल्या, मला सही करायची नाही, कारण नवरा गेल्यापासून मला नावाने कोणी हाक मारलेली नाही. सगळ्यांची मी मॅडम, नाहीतर काकू. मग रविवारी तुमचं यंत्र बंद झालं. सोमवारी भेटल्या तर म्हणाल्या, घर परत मुकं झालं. म्हणून मी आपला... डक्ट सरळ वर जातो, गुप्ते."

"जातो," नंदकुमार म्हणाले. "चांगला जातो."

गुरुवारी सकाळी भंगारवाल्याच्या आधी प्रितम येऊन हजर झाला, काखेत पार्ट. आठल्यांनी पद्मजाकडून नंबर घेऊन सकाळीच त्याला फोन करून रिक्षाने बोलावून घेतलं होतं. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी परवानगी होती, शुभांकरच्या इतिहासातली पहिली. 'सभासद श्री. गुप्ते यांचे यंत्र ठेवण्यास कमिटीची हरकत नाही. मात्र यंत्राचा आवाज सध्या आहे त्यापेक्षा कमी करू नये.' क्षमा नाबर यांना हे पत्र दिसलं आणि पुढच्याच रविवारी डोंबिवलीहून घरघंटी परत आली. आठल्ये काही बोलले नाहीत. बोलायला तोंड कुठे होतं?

प्रितमने पार्ट बसवला, मशीन उठलं, आणि तेव्हापासून डक्टमधून दिवसभर हाका येतात. त्यातली मशीनची कुठली आणि तिसऱ्या मजल्यावरची कुठली, हे आता कोणी बघत नाही. खाण्याचा पदार्थ असला तर आठल्ये, एवढं सगळ्यांना कळतं.

महिन्याभराने एका सकाळी नंदकुमारांनी बादशहाला परत गाठलं. खाली वाकून जाळं टाकलं, चार हात गुरफटले, पट्टी बोटभर उरली. एक फटका बाकी होता. चौतीस वर्षांची गोष्ट संपत होती आणि ती एकट्याने बघायची नाही, असं त्यांना आतून वाटलं. त्यांनी घसा साफ केला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, जरा लाजतच, पण मोठ्याने म्हणाले, "पद्मजा, ये ना."

आत काहीतरी दणकन पडलं. पद्मजा धावत आली. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक.

"काय होतंय? छातीत दुखतंय? हात जड झालाय का? आठल्यांना हाक मारते, रिक्षा आणतील."

"अगं, काही होत नाहीये. बघायला बोलावलं तुला."

"मग नावाने कशाला बोलावलंत?"

ते सांगायला नंदकुमार तिच्याकडे वळले, आणि तेवढ्यात मागे बादशहाने आपलं काम उरकून घेतलं. पडद्यावर दहापासून आकडे उलटे सुरू झाले. नंदकुमारांनी तिकडे बघितलं, मग बायकोकडे. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि पंखा तिच्याकडे फिरवला.

"थालीपीठ करपलं माझं," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"करपू दे."

तिने पदराने घाम पुसला. मशीनने मालनला बोलावलं. वरून कोणीतरी "आले आले" म्हणालं. पद्मजा उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"परत कधी बोलवायचं झालं ना," ती म्हणाली, "तर आधी 'अगं ए' म्हणा. आणि मग नाव घ्या. एकदम नको."